सोडतीची कुपनं

शाळेला संगणक कक्ष हवा होता. त्यासाठी निधी कसा उभा करायचा हे ठरवायला आम्ही काही पालक एका शनिवारी दुपारी चौथीच्या वर्गात, बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो होतो. माझी मुलगी त्याच वर्गात शिकत होती.

आम्ही मूळचे अमरावतीचे. नवऱ्याला खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्याला आलो. तेव्हाची खराडी अर्धवट होती. एकीकडे काचेच्या इमारती, दुसरीकडे ज्वारीचं रान, आणि मध्ये जिकडेतिकडे सळ्या वर काढून उभे असलेले सांगाडे. शाळाही तशीच नवी, पत्र्याच्या छताची, एका छोट्या संस्थेची. बाई मुलांशी मायेनं बोलायच्या, म्हणून आम्ही ती निवडली होती. पण आजूबाजूच्या मोठ्या शाळांत पहिलीपासून संगणक शिकवायचे. आमच्या शाळेत एकच संगणक होता, तोही मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला. त्यामुळे पालक मुलांचे दाखले काढून नेत होते.

"पुढच्या जूनपर्यंत कक्ष झाला नाही, तर पाचवीचा वर्ग भरेल असं मी सांगू शकत नाही," मुख्याध्यापिकाबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "तेव्हा काय सुचतंय ते बोला. भाषणं नकोत, ती मी रोज प्रार्थनेला ऐकते."

मी दिवाळीच्या फराळाची कल्पना मांडली. आमच्या सोसायटीत दोघंही नोकरी करणारी कितीतरी जोडपी होती, त्यांना चकल्या-करंज्या करायला वेळ नव्हता. आम्ही आयांनी मिळून ऑर्डरी घेतल्या असत्या तर फराळ हातोहात खपला असता. कुणी आनंदमेळा सुचवला, कुणी रद्दी गोळा करू म्हणालं. बाई प्रत्येक गोष्ट फळ्यावर लिहीत होत्या.

मग मार्केटिंगमध्ये काम करणारे एक वडील उठले. निळा शर्ट, पट्ट्याला अडकवलेला मोबाइल. त्यांचा मुलगा तिसरीत होता. त्यांनी खडू हातात घेतला आणि आमच्या सगळ्या कल्पनांवर एकेक रेघ मारली.

"फराळ, मेळा, यात मेहनत आपली. आपल्याकडे सगळ्यात मोठा रिसोर्स कोणता आहे? मुलं. लहान मुलगी दारात उभी राहिली तर कोण नाही म्हणतं?"

त्यांची कल्पना होती लकी ड्रॉची. पहिलं बक्षीस स्कूटर, ती ते एका ओळखीच्या शोरूममधून मिळवणार होते. कुपनांची पुस्तकं छापायची, प्रत्येक मुलाला द्यायची, मुलांनी दोघादोघांनी घरोघरी जाऊन विकायची. वर्गात तक्ता लावायचा. कुणी किती पुस्तकं संपवली, ते रोज सकाळी तक्त्यावर चढवायचं.

"मुलं कुणाच्या दारात जातील, हे कोण बघणार?"

हे विचारणारी आई माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती. तिची मुलगी आणि माझी मुलगी एका बाकावरच्या मैत्रिणी, पण आमची दोघींची ओळख जेमतेम होती. ती एका सरकारी कचेरीत वरच्या पदावर होती, त्यामुळे शाळेत क्वचितच दिसायची. तिचा आवाज शांत होता. कुणी उत्तर देईपर्यंत ती समोरच्याकडे बघत राहायची.

"आपल्याच सोसायट्यांमध्ये जाणार आहेत, मॅडम," ते वडील हसत म्हणाले. "सगळी आपलीच माणसं."

"आपली म्हणजे कोणाची?" तिनं विचारलं. पण तोवर बाईंनी हात वर करायला सांगितलं होतं. कुपनांच्या बाजूनं भराभर हात वर झाले. विरोधात आम्ही दोघीच होतो.

कल्पना यशस्वी झाली, यात शंका नाही. इतकी की पहिल्याच आठवड्यात पुन्हा पुस्तकं छापावी लागली.

माझी मुलगी आधी लाजाळू होती. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. आता ती शाळेतून आली की हात-पाय धुऊन आरशासमोर उभी राहायची आणि म्हणून बघायची, "नमस्कार काका, आम्ही शाळेच्या संगणक कक्षासाठी मदत गोळा करतोय." वाक्य संपताना मान थोडी तिरकी करून हसायचं. हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कौतुक वाटलं. नंतर मात्र ते हसू दारात उभं राहायच्या आधी येतं आणि दार लागलं की पुसलं जातं, हे लक्षात आलं.

एक दिवस जेवताना ती सहज म्हणाली, "त्या पिवळ्या बिल्डिंगमधल्या काकांनी आम्हाला आत बोलावलं. पाणी प्या म्हणाले. मग दाराची कडी लावली."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मग?"

"मग काही नाही. सवय आहे म्हणाले, मांजर बाहेर जातं. पाणी प्यायलो, त्यांनी दोन कुपनं घेतली."

त्या रात्री मी नवऱ्याला हे सांगितलं. तो अमेरिकेच्या कॉलवरून नुकताच मोकळा झाला होता. "मांजर असेल खरंच," तो म्हणाला. "तू तिला घाबरवू नकोस. बघ, किती कॉन्फिडन्स आलाय तिला." मी मुलीला बजावलं, कुणाच्याही घरात पाऊल टाकायचं नाही. ती हो म्हणाली. तक्त्यावर ती तेव्हा दुसरी होती.

तक्ता रंगीत कार्डबोर्डचा होता. वर्गशिक्षिका रोज सकाळी हजेरीच्या आधी त्याच्यावर चांदण्या चिकटवायच्या. ज्यांच्यापुढे एकही चांदणी नव्हती ती मुलं त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागली, असं मुलीनं मला सांगितलं, आणि सांगताना तिला वाईट वाटलं नाही.

दिवाळीनंतरचा गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हणजे वीज जाण्याचा दिवस. त्यात त्या वर्षी भारनियमनही होतं, त्यामुळे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नव्हता. मुलीची सकाळची शाळा. घरी येऊन जेवली आणि मैत्रिणीकडे प्रकल्प करायला जाते म्हणाली. मैत्रिणीचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. तिची आई कचेरीत, पण आजी घरी असायची. मी जा म्हटलं.

संध्याकाळी अंधारून आलं. वीज नव्हतीच. मी मेणबत्ती लावली आणि तेवढ्यात फोन वाजला. मैत्रिणीची आई होती, नुकतीच कचेरीतून घरी आलेली.

"माझ्या मुलीला आता पाठवता का? जेवायची वेळ झाली."

मला क्षणभर कळलंच नाही. "कुणाला? त्या दोघी तुमच्याकडे आहेत ना?"

तिनं घरात कुणाला तरी काही विचारल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "सासूबाई म्हणताहेत, त्या दुपारीच तुमच्याकडे गेल्या."

मी चप्पल घातली की नाही, आठवत नाही. तिच्या घरी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. दारासमोर बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढे पणती, आणि शेजारी खुर्चीवर आजी, हातात हात गच्च धरून. प्रकल्पाचा कागद टेबलावर कोरा पडला होता. कुपनांची पुस्तकं ठेवायची कापडी पिशवी कुठेच नव्हती.

नवऱ्याला फोन केला. त्याच्या जागेवरचा फोन दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि सांगितलं, तो मीटिंगमध्ये आहे. "त्याला बाहेर काढा," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला.

आम्ही दोघी शेजारच्या इमारतीत त्यांच्या वर्गातल्या एका मुलीकडे गेलो. ती आईच्या मागे लपून बोलली.

"त्या रिकाम्या बिल्डिंगांकडे गेल्या. इकडचे सगळे फ्लॅट संपलेत ना, म्हणून. तिकडे अजून कोणी गेलं नाही, सगळी कुपनं आपलीच खपतील, म्हणाल्या."

रिकाम्या बिल्डिंगा म्हणजे रानाच्या कडेला एका रांगेत उभ्या असलेल्या चार नव्या इमारती. फ्लॅट सगळे विकले गेले होते, पण घेणारे लोक परदेशात नाहीतर मुंबईत. रंग झालेला, खिडक्यांना काचा बसलेल्या, आणि आत माणूस नाही. संध्याकाळी त्या रस्त्यानं कुणी फिरायलाही जात नसे.

आम्ही एका टॉर्चच्या उजेडात निघालो. पहिल्या इमारतीच्या जिन्यात उभं राहून हाका मारल्या. आमच्याच हाका वरच्या मजल्यांवरून फिरून परत आल्या. दुसरीत प्रत्येक दाराला कुलूप होतं, आणि प्रत्येक दाराच्या कडीत कसल्याशा जाहिरातींचे कागद अडकवलेले. तिसरीच्या तळमजल्यावर एक कुत्री पिल्लांना घेऊन बसली होती, ती गुरगुरली. मैत्रिणीची आई प्रत्येक जिन्यापाशी थांबून मुलीचं नाव स्पष्ट घ्यायची, मग श्वास रोखून ऐकायची.

चौथ्या इमारतीला वॉचमन होता. तो जवळच्याच गावातला, डोक्याला मफलर बांधलेला.

"न्हाई ताई, हितं कुणी पोरी आल्या न्हाईत. म्या आत्ताच आलोय डुटीवर. दिवसाचा गडी गेला त्यो कवाच."

"दिवसाच्या माणसाचा फोन?"

"त्याच्याकडं कुठला फोन!"

आम्ही जिन्यात उभं राहून हाका मारल्या. दोनदा, तीनदा. वरून काहीच आलं नाही. टॉर्च सगळीकडे फिरवला. लिफ्टचं बटण विझलेलं. जनरेटरची खोली बांधून तयार होती, पण आत जनरेटर नव्हता.

इमारतीच्या मागे रान, आणि रानात एक जुनी विहीर होती. कठडा नसलेली. तिकडे जायचं असं आम्ही दोघींनी ठरवलं नाही, पाय वळले. मैत्रिणीच्या आईनं टॉर्च खाली धरला. पाणी काळं होतं, त्यावर प्लास्टिकची पिशवी तरंगत होती. मी तिचा दंड धरला होता. पिशवी दुधाची होती. ते दिसल्यावर मला तिथेच उलटी झाली.

"उठा," ती म्हणाली. "आपण वर जाऊन पाहिलेलं नाही. नुसत्या हाका मारल्यात."

परत आलो. तिनं वॉचमनला विचारलं, "इथं एकही कुटुंब राहत नाही?"

त्यानं वर बोट केलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत मेणबत्तीचा उजेड हलत होता. "त्येवढंच. म्हातारा-म्हातारी हायत. पोरगा अमेरिकेला."

किती मजले चढलो, मोजले नाहीत. दार एका आजींनी साखळीच्या फटीतून उघडलं.

"दोन मुली? हो, आल्या होत्या की! किती गोड बोलल्या. आम्ही कुपनं घेतली. लाडू दिला दोघींना. पण कधीच्या गेल्या त्या. दुपारी. लिफ्टनं गेल्या." मग आमच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी साखळी काढली. "काय झालं हो? महिनाभर इथं शांतता होती. आज दुपारी मात्र थोडा वेळ ठोकाठोक चालली होती खालच्या मजल्यावर. फरशीचं काम असेल."

त्यांच्यामागे मेणबत्तीशेजारी एक आजोबा खुर्चीत बसले होते. हातात काठी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"वीज कधी गेली?" मैत्रिणीच्या आईनं विचारलं.

"त्या गेल्या, आणि लगेचच की."

ती वळली आणि जिन्यावरून धावत सुटली. मी तिच्या मागे. खालच्या मजल्यावर तिनं लिफ्टच्या लोखंडी दाराला कान लावला आणि मग तळहातानं दारावर जोरात मारलं.

आतून, अगदी जवळून, माझ्या मुलीचा आवाज आला. "आई?"

दाराला काचेची एक उभी पट्टी होती. टॉर्च लावला तर लिफ्टचं छत दिसलं, आमच्या पायांच्या थोडं वर, आणि तेलकट दोर. बाकी काळोख. मुली त्याखाली, दोन मजल्यांच्या मध्ये.

"आम्ही आलोय," मी म्हणाले. "घाबरू नका. दोघी ठीक आहात ना?"

"मी आहे. ही बोलत नाहीये."

मैत्रिणीची आई दारापाशी गुडघ्यांवर बसली आणि आपल्या मुलीशी बोलू लागली. घरातलं काहीबाही. आजी वाट बघतेय, वरण-भात केलाय, उद्या कचेरीला दांडी मारते. पलीकडून तिच्या मुलीचा आवाज आला नाही. फक्त माझी मुलगी मध्येमध्ये सांगायची, "ऐकतेय ती, काकू. मान हलवतेय."

वॉचमन धापा टाकत पहार घेऊन वर आला. "व्हा बाजूला, दार उचकटतो. फटीतून एकेकीला वर वढू."

मी बाजूला झाले होते. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की दार उघडायला हवं. मैत्रिणीच्या आईनं त्याचा हात धरला.

"आणि ओढत असताना वीज आली तर?"

तो थांबला. आम्ही तिघंही त्या काचेच्या पट्टीकडे बघत राहिलो.

"खाली जा," ती त्याला म्हणाली. "लिफ्टचा मेन स्विच असेल तो बंद करा. मग दाराला हात लावायचा. त्याच्या आधी नाही."

तो दोन मजलेही उतरला नसेल. वरचा दिवा एकदा लुकलुकला आणि जिना पांढराफटक झाला. दाराच्या आत काहीतरी मोठ्यानं खटकलं. दोर ताणले गेले, आणि लिफ्ट हलली. मी दारावर दोन्ही हात आपटले. आतून माझी मुलगी ओरडली, आणि तो आवाज खाली खाली जात राहिला.

आम्ही जिना उतरलो तो पडत-धडपडत. तळमजल्यावर पोचलो तेव्हा दार उघडं होतं. आतल्या ट्यूबलाइटखाली दोघी कोपऱ्यात चिकटून बसल्या होत्या. मैत्रिणीनं माझ्या मुलीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं एकेक करून सोडवावी लागली. माझ्या मुलीच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिचा बंद तिनं गळ्यात अडकवून ठेवला होता.

तेवढ्यात नवरा पोचला. वर्गातल्या त्या मुलीच्या आईनं त्याला इकडे पाठवलं होतं. रिक्षातून उतरून धावत आला, मुलीला उचलून घेतलं आणि तसाच उभा राहिला. त्याच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "आई, अजून एक पुस्तक उरलंय. सोडतीच्या आत संपवावं लागेल."

मी तिला शाळेत पाठवलं नाही. मी मात्र गेले. बाईंनी निधीच्या बैठकीतल्या पालकांना बोलावून घेतलं होतं. मैत्रिणीची आईही आली, उभीच राहिली.

मार्केटिंगवाल्या वडिलांचा चेहरा खरोखरच उतरला होता. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण देवाच्या दयेनं काही झालं नाही. आपण नियम करू. यापुढे मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांनी जायचं नाही. सोडत आता थांबवता येणार नाही. लोकांनी कुपनं घेतलीत, संगणकांची ऑर्डर गेलीय."

"माझी मुलगी कालपासून बोललेली नाही," मैत्रिणीची आई म्हणाली. "काही झालं नाही, असं म्हणू नका."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या जिभेवर नेहमी असणारा टोमणा त्या दिवशी नव्हता. "सोडत होईल," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "नाही झाली तर शाळा राहणार नाही. मला दुसरा रस्ता दिसत नाही."

"मला दिसतो," मैत्रिणीची आई म्हणाली. तिनं पर्समधून कागद काढला. मुलीच्या दाखल्यासाठीचा अर्ज होता.

आठवडाभरानं एके दुपारी माझी मुलगी माझ्याशेजारी बसून वाटाणे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "आई, आम्ही ठोकलं की कुणीतरी ठोकायचं."

"म्हणजे?"

"लिफ्टमध्ये. आम्ही दारावर ठोकलं ना, तर वरून कुणीतरी ठक ठक केलं. आम्ही परत ठोकलं, परत ठक ठक. आम्हाला इतका आनंद झाला! कळलं म्हटलं कुणालातरी. मग ती म्हणाली, आता गप्प बसू, ते आपल्याला काढायला येताहेत, आवाज केला तर त्यांना वाटेल आपण मस्ती करतोय. मग आम्ही गप्प बसलो. खूप वेळ बसलो. अंधार झाला. मग ती बोलायचीच थांबली."

"आम्ही हाका मारल्या त्या ऐकू आल्या नाहीत?"

"कुणीतरी लांबून ओरडत होतं. आम्हाला वाटलं, रागावलंय कुणीतरी."

मी वाटाण्यांचं ताट तसंच ठेवलं आणि त्या इमारतीत गेले. दिवसाचा वॉचमन होता. फरशीवाले गेल्या महिन्यातच काम संपवून गेलेत, तो म्हणाला. मी जिना चढले.

आजी देवळात गेल्या होत्या. दार आजोबांनी उघडलं. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मला माहीत होतं तुम्ही याल."

त्यांनी मला बसायला सांगितलं. स्वतः उभेच राहिले.

"मी दुपारचा पडतो. चार वाजेपर्यंत. आयुष्यभराची सवय आहे. इथं आल्यापासून हे ठोकणारे झोपू देत नव्हते. रोज कुठे ना कुठे भिंत फोडायचेच, महिनाभरापूर्वी थांबले होते. त्या दिवशी पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, तेच. म्हणून मी काठी आपटली, जमिनीवर. बंद करा, म्हणून. त्यांनी परत ठोकलं. मला वाटलं, मुद्दाम करताहेत. मी परत आपटली. जोरात आपटली." त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. "मग बंद झालं. मला बरं वाटलं हो. मी झोपलो."

त्यांना शिव्या द्याव्यात असं वाटत होतं आणि त्यांच्या हाताला धरून खुर्चीत बसवावं असंही वाटत होतं. मी दोन्हीही केलं नाही.

"ती दुसरी मुलगी बोलते का आता?" त्यांनी विचारलं.

"थोडंथोडं."

"उरलेली कुपनं असतील तर मला द्या. सगळी द्या. मी घेतो."

"नको," मी म्हणाले, आणि उठून बाहेर आले.

पण त्यांनी शाळेत माणूस पाठवला. आमच्या मुलीच्या नावावर पुस्तकंच्या पुस्तकं घेतली. मला हे सोडतीच्या दिवशी कळलं. मैदानात मांडव घातला होता, स्कूटरला हार होता. माझी मुलगी सगळ्यात जास्त कुपनं विकणारी ठरली. माइकवरून तिचं नाव पुकारलं तेव्हा मी तिचा हात धरून ठेवायला हवा होता, असं आता वाटतं. पण तोवर ती उठून पुढे गेलीसुद्धा होती. स्टेजवर तिनं मान थोडी तिरकी केली आणि हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या बाकावरची मैत्रीण तोपर्यंत येरवड्याच्या शाळेत जाऊ लागली होती.

संगणक कक्ष झाला. पाचवीचा वर्ग भरला, दोन तुकड्या करण्याइतका. दुसऱ्या वर्षी शाळेला वातानुकूलन हवं होतं, संगणक तापतात म्हणून. बैठकीला मी पुन्हा फराळाचं बोलले. बाईंनी फळ्यावर लिहिलंही. पण गेल्या वर्षीचं यश सगळ्यांना ठाऊक होतं. मोठं माणूस बरोबर हवं, हा नियम कायम राहील, असं मार्केटिंगवाल्या वडिलांनी आवर्जून सांगितलं. हात वर झाले. या वेळी विरोधात मी एकटीच होते. मी माझ्या मुलीला कुपनं घेऊ दिली नाहीत. त्यावरून ती माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही.

एका संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. समोरच्या नव्या इमारतीत पाळणाघराच्या पाटीचा रंग अजून ताजा होता, बाकी सगळं अंधारात. दोन लहान मुलं, हातात कापडी पिशवी, फाटकातून आत शिरताना दिसली. बरोबर मोठं माणूस कुणी नव्हतं. मी कपडे तसेच टाकले आणि खाली धावले. ती दोघं लिफ्टच्या बटणाकडे हात करत होती.

"काकू, तुम्ही कशाला?" मुलगा जरा रागानंच म्हणाला. "ही बिल्डिंग सगळ्यांच्या आधी आम्ही शोधलीय."

"असू दे. जिन्यानं चला, मी नुसती येते बरोबर."

त्यांना ते आवडलं नाही. तरी मी त्यांच्या मागून जिना चढत गेले, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारापाशी.